केसभर पलीकडे

तांब्याची तार मला नवी नाही.
बाबांच्या मागे जळक्या मोटारी माझ्याकडे आल्या,
विहिरींवरच्या, बर्फाच्या कारखान्यातल्या,
उधाणाला खारं पाणी प्यालेल्या.
वेढे मोजत जेवते, मोजत झोपते.
एक चुकला तर आठवड्यात धूर.

परकारचाचांना हवे होते फक्त बावीस.
औषधाच्या रिकाम्या डबीवर, अंगाला अंग लावून.
वर दोन बोटं सोडून आणखी सहा.
"एवढ्यासाठी धक्क्यावरून घाटी चढून आलात?"
त्यांना ऐकू गेलं नाही.
तीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर,
आता कानाचं यंत्र खिशात, चष्म्याच्या घरात, बंद.

कंडेन्सर चिपळूणच्या भंगारातला, किलोच्या भावानं.
पाकळ्यांमध्ये कोळ्याचं जाळं
(दाभोळात सांगावं लागतं: आठ पायांच्या).
ट्रान्झिस्टर एकच, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा,
खाली मोडक्या पाटाची फळी.
डाख दिला की राळेचा धूर डोळ्यांत,
आणि वारा असा, की आठ दिवसांत सांधे हिरवे,
म्हणून प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशचा हात.
गुलाबी. घरात तेवढीच बाटली होती.

एरियल धाकूनं माडाला बांधलं,
वीस रुपये जास्त घेऊन.
"ताई, एवढ्या उंचावर कोणाचे कपडे वाळवणार?"

पहिल्या रात्री काहीच नाही.
चाचा म्हणाले, सहा वेढ्यांची टोकं उलटी कर.
केली.
फळीतून शिट्टी उठली,
अंड्यांजवळ पाय पडल्यावर टिटवी उठते तशी.

बटण त्यांनी हातानं फिरवू दिलं नाही.
हात जवळ गेला की आवाज सरकतो,
माणसाचं अंगही त्यात मोजलं जातं.
बांबूची वीतभर कामटी खोचून दिली.
"बोलणं ऐकायचं तर शिट्टीच्या केसभर अलीकडे थांब.
टिकटिक ऐकायची तर केसभर पलीकडे जा.
मध्ये घुटमळू नकोस."

मी कामटी फिरवत राहिले.
सात मेगाहर्ट्झच्या आसपास नुसती घरघर,
थांबून थांबून.
ती मोटार मी ओळखली:
कारखान्यातली, तीन नंबरची,
शिमग्याच्या आधी मीच भरलेली.

मग लाइट गेली.
पंखे, ट्यूबा, कारखाना, धक्क्यावरचा भोंगा,
सगळं एकदम.
खाडीत शेवटच्या फेरीबोटीचा दिवा तेवढा.
आणि इअरफोनमध्ये,
गाळ बसून तळ दिसावा तसं,
बारीक, एकसुरी, तुटक काहीतरी.

मला त्यातलं अक्षर कळेना.
त्यांना त्यातला आवाज ऐकू येईना.

मेलेल्या टेपरेकॉर्डरची पट्टी आणि स्पीकर,
चार सेल, दोन वायरी, दातांत टॉर्च.
चाचांचं बोट धरून स्पीकरच्या कागदावर ठेवलं,
हलकंच,
मासा जिवंत आहे का बघावं तसं.

बोट थांबलं. मग ओठ हलले.
"एरियल... वाऱ्यानं पडलं होतं.
आज परत बांधलं.
बायकोनं शिडी धरली."
खूप वेळ काही नाही.
"पोराचा हात जड आहे. डा लांबवतो."

आमचा संच नुसता ऐकतो.
उत्तर द्यायचं तर परीक्षा लागते, लायसन लागतं.
तरी त्यांचा दुसरा हात टेबलावर चालू होता,
आणि मी सवयीनं मोजत होते,
बावीसच्या कितीतरी पुढे.

लाइट आली.
तीन नंबरची मोटार झकास सुरू झाली,
एकही वेढा चुकलेला नसलेली,
आणि मी तिला
आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली.