कोंबडा का कोंबडी

कपिलतीर्थाच्या फाटकाशी
ठकूबाई लांबोर बसते फक्त मे महिन्यात.
गगनबावड्याकडनं पहाटेची एसटी,
दोन पाट्या करवंदं, वर कुड्याची पानं.
मी म्हणते, दोन मापं द्या.
"पोरं किती गं तुला?"
पोरांना नाही, तपासायला.
ती हातातलं माप तसंच धरते.
तिच्या मालात आजवर
कुणी खोट काढलेली नाही.

विद्यापीठाच्या टेकडीवर आमची खोली.
खिडकीबाहेर वाळलेलं गवत, कधी मोर,
आत मिथेनॉलचा वास.
काळ्या बाटलीत जांभळा द्राव असतो,
त्याच्या प्रत्येक कणात
एक इलेक्ट्रॉन जोडीविना.
म्हणून तो कासावीस,
दिसेल त्याच्याकडून ओढून घेणारा.
त्यात करवंदाचा अर्क सोडायचा, थेंबभर,
आणि नळी अर्धा तास अंधारात ठेवायची.
त्या अर्ध्या तासात मी चहाला जात नाही.
उगाच वाटतं,
आत कुणीतरी कुणाला काही देतंय,
आपण खुर्ची सरकवू नये.

बाहेर काढावी तर जांभळं पिवळं झालेलं.
मशीन आकडा दाखवतं. मी वहीत उतरवते.

बाबा एकतीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर.
गंज त्यांना वासावरून कळायचा.
सुटीच्या आदल्या संध्याकाळी
मशीनवर तेलाचा बोळा फिरवल्याशिवाय
कधी घरी आले नाहीत.
"लोखंडाला हवा खाती," म्हणायचे.
मी एकदा सांगितलं, बाबा,
माणसालाही थोडी थोडी खाते,
जिच्यावर जगतो तीच.
त्यांनी तळवे उलटे करून पाहिले.
"मग आम्हाला कुठलं तेल?"

तेल टीव्हीवर सापडलं. अठराशे रुपयांना
साठ गोळ्या, डबीवर द्राक्षांचा घड.
मी वही काढून बसले.
बाबा, नळी म्हणजे माणूस नव्हे.
मध्ये पोट आहे, आतडी आहेत, यकृत आहे,
फळातलं किती रक्तापर्यंत पोचतं
ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.
असल्या गोळ्यांनी माणसं जास्त जगली
असं काही दिसलेलं नाही.
फळं, पालेभाज्या खाणारी बरी राहतात,
हे मात्र पुन्हा पुन्हा दिसतं.
कशामुळं? एकट्या कुणामुळं नसावं.
"एवढं शिकून एवढंच?"
एवढंच.
ते काही बोलले नाहीत.
रात्री पोकळ्याची भाजी
दुसऱ्यांदा वाढून घेतली.
डबी अजून फ्रिजवर आहे, सील न फोडलेली,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

पुढच्या आठवड्यात ठकूबाईला सांगितलं,
तुमची करवंदं पास झाली.
जांभळ्याचं पिवळं करतात, झटक्यात.
"त्यात काय," ती म्हणाली,
"माझी बोटं बघ, पिवळ्याची जांभळी झाल्यात."
मग पाटीतनं एक टपोरं उचललं,
मुठीत झाकलं.
"सांग. कोंबडा का कोंबडी?"
माझ्या मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं,
कुणाची तरी पिशवी गुडघ्याला लागत होती.
मी म्हटलं, कोंबडा.
तिनं नखानं फोडलं. आत फिक्कट, पांढुरकं.
"हारलीस," आणि दोन मापांवर
एक मूठ जास्तीची टाकली.

टेकडीवर येऊन नमुन्याला नंबर दिला,
तारीख घातली, वजन लिहिलं.
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
तो नेहमी कोरा जातो.
बोटाला चीक होता, पेन चिकटत होतं.
लिहिलं: कोंबडी.