उभी बेरीज, आडवी बेरीज

केंद्रप्रमुखांनी दिलेला तक्ता आडव्या कागदावर,
दोन्ही बाजूंनी छापलेला.
म्हणाले, उद्या अकराच्या आत द्या,
आणि मॅडम, खाडाखोड नको.
मी सहावी ते आठवीची हजेरी पुढं ओढली,
पट्टी घेतली, निळा पेन घेतला.

मुलगे. मुली. एकूण.
अ.जा., अ.ज., वि.जा.भ.ज., इ.मा.व., खुला.
अल्पसंख्याक निराळे लिहायचे, आणि वरही धरायचे.
दिव्यांग: एक.
हा आठवीतला मारोती, ज्याला फळा दिसत नाही,
पण एसटी अजून ओढ्यापलीकडं असते
तेव्हाच वर्गाला सांगतो
देगलूरची आहे का मुक्रमाबादची.

मातृभाषेचा रकाना बोटभर.
नुजहतला विचारलं, घरी काय बोलता गं?
अब्बासंग उर्दू, मॅडम.
दुकानावर मराठी.
शेजारच्या पोशव्वासंग तेलुगू.
आणि म्हशीला कानडी,
ती हुमनाबादच्या बाजारातली हाय,
तिला दुसरं कळतच नाही.
मी उर्दू लिहिलं.
बोटभर जागेत तेवढंच बसलं.

मागच्या बाजूला वाचनाची उतरंड:
गोष्ट, उतारा, वाक्य, शब्द, अक्षर,
आणि सगळ्यात खाली प्रारंभिक,
म्हणजे पुस्तक समोर धरलं
की जी लेकरं माझ्या तोंडाकडं बघतात.
सातवीत अशी अजून चार.
शेवंता राठोडनं चाचणीच्या दिवशी
सबंध गोष्ट धडाधड वाचली होती, बोट ठेवून.
बोट दुसऱ्याच पानावर होतं.
ते मला आठवलं तेव्हा
ती 'गोष्ट'मध्ये लिहून झाली होती.
खाडाखोड नको, म्हणून तिथंच राहिली
आणि शाळेची टक्केवारी दोननं वर गेली.

भागाकार येणारे सतरा.
गेल्या साली बारा होते.
हे कुणी विचारलेलं नाही,
मीच समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

साडेपाच वाजले.
जातींची बेरीज त्रेचाळीस.
वाचणाऱ्यांची चव्वेचाळीस.
पुन्हा केली, खालून वर केली,
सहावी निराळी, सातवी निराळी.
जाती त्रेचाळीसवरून हलेनात.

कुलूप लावायला थांबलेला साईलू
दारातून आत आला.
काय हुडकुलालाव, मॅडम?
एक जास्त यायलाय रे, म्हटलं.
त्यानं कागद फिरवून घेतला,
ओठातल्या ओठात ओकटी, रेंडू, मूडू,
आधी वरून खाली, मग डावीकडून उजवीकडं.
असं कुणी शिकवलं?
पेद्दपल्लीच्या भट्टीवर, मॅडम.
मुकादम हजारामागं पन्नास विटा कमी धरायचा.
म्हणून मी थप्पी दोन्हीकडून मोजायचो,
उभी येगळी, आडवी येगळी.

मग बोट ठेवलं.
बरोबर पानावर, बरोबर घरात,
'शब्द' स्तरापुढच्या नवावर.
ह्याच्यात मी हाव, मॅडम.
कागद उलटला.
ह्याच्यात नाही.

जूनमध्ये आत्यानं आणून सोडला, दाखल्याविना.
जुनी शाळा म्हणते नाव काढलं,
भट्टीजवळची म्हणते घातलंच नव्हतं.
हजेरीत शेवटी पेन्सिलीनं लिहिलाय,
चाचणीला बसला म्हणून वाचणाऱ्यांत आला.
जात रजिस्टरातून उतरवतात,
तिथं तो नाही.

एकतर नवाचे आठ करायचे,
नाहीतर पलीकडं कुठंतरी एक वाढवायचा.
मी पेन उघडला, मिटला.
विचारायचं ते साधं होतं,
गेली बावीस वर्षं दर जूनला विचारत आलेय,
रांगेतल्या प्रत्येकाला, मान वर न करता.
आज तोंडातून निघेना.

तोच म्हणाला,
वरी काय लिवलंय ते वाचता येतंय मला.
इ. मा. व.
आमचं काय हाय ते आत्याला इचारून सांगतो.
कधी पाहिजे?

उद्या, मी म्हटलं.
अकराच्या आत.

त्यानं खिडक्या लावल्या, एकेक करत,
आणि किल्लीसाठी हात पुढं केला.