मार्चअखेर

मेडिकल चौकात औषधांच्या दुकानामागे
दोन खाटा, एक कूलर, एक पडदा.
पेंटरनं पाटीवर 'लसिका'चं 'लासिक' केलं,
बदलायचे दीडशे मागितले,
राहू दिलं.
अधूनमधून चष्मेवाले डोकावतात.

भाडं अकरा हजार.
वीज : मे महिना वेगळा धरावा,
पंचेचाळीस डिग्रीत चार थर गुंडाळलेल्या पायाला
कूलर बंद ठेवा म्हणण्याइतकी मी निर्दय नाही.
पट्ट्या परदेशी, एका हाताला चार, एका पायाला आठ.
पन्नास धुण्यांनी मरतात, असं खोक्यावर छापलंय.
मी शंभरावर नेते.

सव्वा तास कुठल्या रकान्यात लिहू?
सुजेला आधी हात लावायचाच नसतो.
मानेपासून सुरू करायचं,
पुढे जागा रिकामी करायची,
मग मागच्याला बोलवायचं,
कातडी सरकेल एवढाच दाब.
पुष्पकला रामटेकेचा मुलगा बाकावरून बघत होता.
"नुसता हात फिरवायचे सहाशे?"
ती डोळे मिटून म्हणाली, "तू फिरव मग."

तिच्या ऑपरेशनचे सगळे पैसे मिळाले होते,
खोलीचे, भुलीचे, सलाइनच्या सुईचेसुद्धा.
हात सुजला दीड वर्षानं,
घरी, पोळ्या लाटताना, कुणाला न विचारता.
पत्र आलं :
रुग्ण चोवीस तास भरती नव्हता, सबब दावा अमान्य.
पट्ट्या किरकोळ साहित्यात मोडतात, सबब त्याही.

मी फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.
म्हणाला, मॅडम, इन्फेक्शन झालं, ताप चढला,
ॲडमिट केलं, तर बघता येईल.
म्हणजे उतरवली तर शून्य,
चिघळू दिली तर चाळीस हजार.
मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.
सवय.

मैनाबाई उईके देवलापारहून येते,
पाय एसटीच्या पायरीवर दोन्ही हातांनी उचलून ठेवते.
तीन आठवड्यांनी टेप लावली, गणित केलं,
सांगितलं, तीन लिटर उतरलं.
"कोन्त्या भावानं लावता, बाई? दुधाच्या का पाण्याच्या?"
उधारीच्या वहीत लिहिलं : पाण्याच्या.

आणि हेडाऊ.
शेवंताबाईंना सोडायला येतात, गोळीबार चौकातून, सायकलवर.
माग बंद पडून बारा वर्षं झाली.
एक दिवस पट्टी उजेडाकडे धरली,
कडेचा धागा ओढला,
थुंकी लावून उलगडला.
"याच्यात रबर नाई. सूतच आहे.
पीळ जास्त देल्ला, अन् मोकळा सोडला.
याचे बाराशे?"
हो, म्हणाले. अधिक जीएसटी.

पंधरा दिवसांनी तीन मीटर घेऊन आले,
कडेला हिरवी किनार.
हात सवयीनं गेला, म्हणाले.
बांधली. संध्याकाळपर्यंत टिकली,
सकाळी घोट्यापाशी गोळा.
शेवंताबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
दुसरी इतकी आवळली की बोटं निळी पडू लागली,
मीच धावत सोडली.
त्यावर ते आठवडाभर आले नाहीत,
बायकोला रिक्षानं पाठवलं.

आज एकतीस तारीख.
पाठकांच्या ऑफिसमधून दोनदा फोन, वही पाठवा.
जमेची बाजू वाचायला वेळ लागत नाही.
खर्चात एक ओळ राहिली आहे :
हेडाऊ, सूत, दोनशे चाळीस.
मी द्यायला गेले तर म्हणाले, जमलं की घेईन.
आता हे देणं लिहू, की प्रयोग, की उसनवार?
सीएला चालेल असा शब्द नाही.

तिसरी पट्टी गच्चीत दोरीवर वाळते आहे.
काल रात्रभर राहिली शेवंताबाईंच्या पायावर,
चार बोटं घसरली, बस.
दाब मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही,
त्याची किंमत विचारून ठेवली आहे फक्त.
बोट आत घालून पाहते,
बोट बाहेर ढकललं जातं.

किनार काढा, असं मी अजून म्हटलेलं नाही.