अक्षतांचे आठ सेकंद

गोळीबार चौक, मे महिना, रात्रीचे दोन.
कूलर पाणी ओढत नाही.
पौनीकरांचं लग्न मशीनवर चढवून
मी बनियनवर टक्के मोजत बसलोय : एकतीस.

अठ्ठावीस जीबी आहे, म्हणालो होतो,
पेनड्राइव्ह देतो ना, भोजराजभाऊ.
"पेनड्राइव्ह घेऊन एटापल्लीले कोन जाते बाप्पा?
रंजू तिथं नर्स आहे, सुट्टी नाही भेटली.
टाकीजवळ उभं राहिलं तर दोन दांड्या येतात.
मोबाईलवर उतरंल इतकी लहान कर.
अन् चेहरे पुसू नको."

चेहरे पुसू नको. म्हणून हळू पद्धत निवडली,
सगळ्यांत हळू.

आता ते चित्राचे चौकोन पाडतंय.
एकाचे दोन, मग नको म्हणून तीन,
मागं फिरून चार.
एकेक तुकडा हातात घेऊन विचारतं,
मघाशी कुठं होतास, किती सरकलास?
पुढचं चित्र आधी वाचतं, मग मधलं ओळखतं.
हजार उत्तरं तपासून एक लिहितं,
आणि टाकून दिलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचं
वीजबिल माझ्या नावावर.
घाईची पद्धत असती तर अकरालाच झोपलो असतो.
फाईल दुप्पट झाली असती, एवढंच.

बत्तीस. बत्तीसवरच.
पाहतो तर अक्षता.
दोनशे मुठींतून एकदम सुटलेले तांदूळ,
कुठलाच दाणा दुसऱ्यासारखा पडत नाही,
मघाशी कुठं होता हे कळून उपयोग नाही.
पंखा घोंघावतो.
अख्ख्या पंगतीइतका खर्च
या पावशेर तांदळावर.

आणि डाव्या कोपऱ्यात, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत,
नवरीची अनसूयाआत्या.
मूठ मांडीवर, मिटलेली.
तिच्या चौकोनांपुढं मशीन एकच खूण करतं :
होतं तसंच.
पुन्हा : होतं तसंच.
बावीस मिनिटं बाई फुकटात चालली आहे
आणि सगळ्यांत स्वच्छ तीच दिसते.

दोन चाळीसला लाईट गेली.
चारला आली. शून्य टक्के.
बोट घाईच्या बटणावर जाऊन आलं.

तिसऱ्या दिवशी रंजूचा मेसेज :
उतरली दादा, पाच मिनिटात. अटकत पण नाही.
सगळे दिसले.
आत्यानं अक्षता टाकल्याच नाही काऊन?