केसपेपर

शहरातून आलेली मुलगी म्हणाली,
घाबरू नका, दुखत नाही.
मानेमागची एक बट फक्त,
पेन्सिलीएवढी जाड.
मी तिला स्टूल दिलं. यादी माझ्याकडेच होती,
आरोग्याच्या वहीत गावाची नावं मीच लिहिते:
बिबियानो किरिशी, वय एकसष्ट, हात थरथरतात.
एदिनेल्सा आकाय, वय नऊ, फळ्यावरचं दिसत नाही.
जाडिएल, वय तीन,
अजून चालत नाही.
आईचं नाव, या रकान्यात
मी माझं नाव लिहिलं.

कापलेल्या बटेच्या मुळाशी तिने लाल दोरा बांधला.
ही बाजू आजची, म्हणाली,
एक सेंटीमीटर म्हणजे एक महिना.
माशातला पारा केसात उतरतो
आणि तिथेच राहतो, वहीत शाई राहते तसा.

मी माझी बट खिडकीच्या उजेडात धरली.
केस माझे कमरेपर्यंत.
दोऱ्यापासून बोटं सरकवत गेले:
हा पूर ओसरल्याचा महिना.
हे काजूचे दिवस.
इथे भावाने फ्रीज आणला, सोन्याच्या पैशांचा,
आणि आम्ही सगळे दार उघडून थंड हवेत उभे राहिलो
डिझेल संपेपर्यंत.
मग बराच वेळ काहीच आठवलं नाही.
मग, हातभर खाली, ते नऊ महिने.

मला डोहातल्या माशाचे डोहाळे लागले होते.
रोज तुकुनारे, निखाऱ्यावर भाजलेला,
डोक्याकडचा भाग.
आई म्हणायची, खा,
पोरगं हुशार निघेल.

त्याच्याही खाली
चार बोटं केस उरतो.
तिथे नदी हिरवी आहे
आणि तळाचे गोटे मोजता येतात.

हेही तपासता का, मी विचारलं.
नाही, मुळाकडचं तेवढंच.
तिने कात्रीने उरलेली बट कापली
आणि माझ्या हातात दिली, सुटे पैसे द्यावेत तशी.

मशीनवाला पहिल्यांदा आला तेव्हा
सभेत म्हणाला होता,
तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.
खोटं नव्हतं ते.
धक्का कसला, केस अजून तसाच दाट आहे, काळा, चमकदार.
नवऱ्याला आवडतो.

भावावर कधीकधी पारा चढतो माझा.
पण जाडिएलला आकडी आली त्या रात्री
दवाखान्याच्या बोटीत डिझेल नव्हतं,
त्यानेच आपला पिंप ओतला,
अकरा तास सुकाणूवर बसला, एक शब्द न बोलता.
सोन्याची सुरी असली म्हणून
कोणी उरात मारून घेत नाही म्हणतात.
आम्ही नाही मारून घेतली.
तिने आम्ही मासे साफ करतो.

कागद आला तो पावसाळा संपता संपता.
आकडा सहाच्या आत हवा.
माझा चौदा.
जाडिएलचा एकवीस.
खाली सूचना, छापील:
मासे खाणारे मासे टाळावेत.
फळं खाणारा पाकू चालेल.
शक्य असल्यास कोंबडी.

कोंबडी आहे, दुकानात, बर्फात.
दुकान मशीनवाल्याचं.
तिथे किंमत ग्रॅममध्ये सांगतात,
कोंबडीच्या नव्हे, सोन्याच्या.

मी सूचना घरोघर वाचून दाखवल्या.
बिबियानो हसला. म्हणाला,
पाकूला सांग माझ्या जाळ्यात यायला,
आणि पेला दोन्ही हातांनी धरून
तोंडाशी नेला.

संध्याकाळी जाळ्यात दोन तुकुनारे.
एक लहान, एक चांगला मोठा.
मी दोघांकडे बघत बसले,
विस्तव पेटला तरी.

जाडिएल मागून सरकत आला.
दोन्ही मुठींत माझे केस धरले
आणि उभं राहायला बघू लागला,
गुडघे लटपटत,
जीभ दातांत.
नवरा म्हणाला, सोडव त्याला, उपटेल.

ओढ, मी म्हटलं.
दुखू दे.