चाल तुमची

केमियार्वीत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारतं.
औलिक्की चष्मा कपाळावरून नाकावर ओढते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, दिवसाचे किती तास?
दोन, म्हणाली ती.
पाच होते.

शब्दांच्या खेळात समोर कुणी एक तारमो,
फोटोच्या जागी मासा.
सात वर्षांत खेळाबाहेरचं
एक अक्षर बोललेली नाहीत दोघं.

मंगळवारपासून त्याची चाल नाही.
बोटाखालून युद्धं सरकतात, गुडघेदुखीचं मलम,
मेलेल्या नवऱ्याचा वाढदिवस: शुभेच्छा द्या!

माशासाठी रडायचं तर कोणत्या नात्यानं?

रविवारी पहाटे चारला, टिंग.
कुबडी.
फक्त सहा गुण.

तिच्याकडे जिंकायची अक्षरं होती.
ती बाजूला सारून
तिनं लावलं:
हळू.