ओघळ

रेनार्सने स्पीकर आणले भाजीच्या व्हॅनमधून,
बटाट्यांच्या पोत्यांवर आडवे घालून,
आजारी माणसं आणावीत तसे.
"नव्यासारखे करून द्या," म्हणाला,
"जर्मनीत गिऱ्हाईक आहे."

वेल्ताने कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
कोपरे झडलेले, आतल्या लाकडाचे दात दिसताहेत.
डाव्याच्या माथ्यावर कुंडीचं गोल वळं,
उजव्याच्या अंगावर मांजराच्या नखांचे जुने हिशेब.
आणि मध्येच कुणीतरी मार्कर फिरवलेला.
मार्करचा काळा वर्षभराचा पाहुणा,
खिडकीतल्या उन्हात जांभळा पडतो,
मग शेजाऱ्यांनाही कळतं.

"कोणता काळा हवाय?"
तो हसला. काळा म्हणजे काळा.

केसांचा असतो तो काळाभोर,
डोहाचा काळाशार,
कातळाचा काळाकभिन्न,
अवसेच्या रात्रीचा काळाकुट्ट.
यातला हा एकही नव्हे.
हा तिसऱ्या पाळीचा काळा,
दौगवा नदीकाठच्या कारखान्यात
फवाऱ्याच्या बंदुकीतून सुटलेला,
किंचित निळ्याकडे झुकलेला,
कारण त्या वर्षी काळं पिंप अपुरं पडायचं
आणि निळं हाताशी असायचं.
हे कुठल्याच कागदावर नाही.
तिच्या नाकाला ठाऊक आहे.

जाळी काढली. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब.
चाळीस वर्षांचा सिगारेटचा धूर
फडक्यावर पिवळा उतरत गेला.
कोपऱ्यांत भुसा आणि सरस,
चारशे नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेनं,
आडवा कधीच नाही.
मग स्पिरिटात काळा, त्यात निळ्याचा एक थेंब.
पातळ हात. वाळू दे.
पुन्हा पातळ हात. वाळू दे, चहा पी.
जाड हात दिला की रंग खोटं बोलू लागतो,
आणि कडेला जाऊन जमतो.

तिसऱ्या दिवशी तिनं उजवा स्पीकर पालथा केला.
तळाशी, मागच्या कडेला,
एक ओघळ.
बोटभर लांब, टोकाला टपोरा,
निघता निघता थबकलेला.

लीगोची रात्र होती.
त्या रात्री तिकडे आभाळसुद्धा नीट काळं होत नाही.
सगळे शेकोट्यांकडे गेलेले,
पाळीत उरलेल्या सात जणी.
फाटकाबाहेरून झिंत्रानं हाक मारली,
डोक्यावर ओकच्या पानांचा एवढा मोठा मुकुट,
आणि वेल्तानं मान वळवली.
मान वळली, हात तिथेच राहिला.
एवढंच.
तपासनीस झिनाईदा पेत्रोव्नाच्या टेबलाखाली
बियरची बाटली होती.
तिनं न बघता शिक्का मारला,
वेल्तानं तळ खाली करून ठेवला.
झिंत्रा पुढच्या वर्षी आयर्लंडला... नाही,
ते पुष्कळ नंतर.

पॉलिश पेपर तिच्या हातात होता.
दोन मिनिटांचं काम.
तिनं अंगठ्यानं टपोरं टोक दाबून पाहिलं,
जणू अजून ओलं असेल.

रेनार्सने मोबाईलची बॅटरी मारून
कोपरा न् कोपरा तपासला.
कुंडी सापडेना, मांजर सापडेना.
मग पालथं घालून म्हणाला, "हे राहिलं."
"ते मूळचं आहे."
"म्हणजे किंमत वाढेल?"
वेल्तानं जरा विचार केला.
"नाही. मला पाच युरो कमी दे."

व्हॅन वळणावर गेली,
मागे दोन बटाटे घरंगळत राहिले.
ते उचलायला वाकताना तिच्या ध्यानात आलं,
ते वाजतात कसे, हे आपण विचारलंच नाही.
तेव्हाही नाही.
रंगखात्यातून ते मुकेच पुढे जायचे.